बिनखोटीची गाडी

चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहायचं असेल तर माणसाने घरून भरपेट नाश्ता करून जावं, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. रिकाम्या पोटी माणूस भलतंच बोलून जातो. मी त्या रविवारी नुसत्या चहावर गेलो होतो.

साक्ष म्हणजे काय, ते आमच्या मंडळीबाहेरच्यांसाठी सांगतो. उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" मग ज्याचं ऑपरेशन नीट पार पडलं किंवा ज्याच्या मुलीला नोकरी लागली, तो उभा राहतो, प्रभूचे उपकार मानतो आणि खाली बसतो. दोन वाक्यांचं काम. पण शाळेत हेडक्लार्क म्हणून हयात घालवलेल्या माणसाला दोन वाक्यांत थांबता येत नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं की पुढच्या महिन्यापासून राहुरीत, नगर-मनमाड रस्त्यावर, मी जुन्या दुचाकींचं दुकान काढतो आहे. इथे थांबलो असतो तर आज सुखात असतो. पण मागच्या बाकावरून कोणीतरी "वा!" म्हणालं, आणि माझा आवाज चढला.

"या धंद्यात सगळे खोटं बोलतात," मी म्हणालो. "माझ्या दुकानात प्रत्येक गाडीची खोट आधी सांगितली जाईल, किंमत मागाहून. त्या दुकानात एक जरी खोटं बोललं गेलं, तर शटर खाली!"

मंडळी "आमेन" म्हणाली. इतक्या जोरात ती कापणीच्या सणालाही म्हणत नाही.

बायकांच्या बाजूला माझी बायको लीना बसली होती. ती आमेन म्हणाली नाही. ती गेली कित्येक वर्षं चर्चच्या शब्बाथ शाळेत मुलांना बायबल शिकवते, आणि तिच्या तोंडून मी कधी, अगदी "भाजी छान झालीये हं" इतपतही खोटं ऐकलेलं नाही. विशेषतः भाजी मी केलेली असेल तेव्हा.

घरी येताना ती म्हणाली, "आमेन त्यांचं आहे, शटर आपलं आहे. कळतंय का?"

"अगं, जरा उत्साहात..."

"उत्साहात बोललात, पण प्रभूसमोर बोललात. आता पाळायचं. तिथे एक खोटं बोललं गेलं, की मी स्वतः येऊन शटर ओढीन."

ती ओढणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आणि शटर ओढलं गेलं तर माझं काय होणार तेही मला दिसत होतं. रिटायर झाल्यापासून मी घरी बसून मसाल्याच्या डब्यांची अकारविल्हे मांडणी करत होतो. लीनाला त्यात हळद सापडत नव्हती, आणि मला मी सापडत नव्हतो. मोनिका, आमची मुलगी, पुण्याहून फोनवर विचारायची, "पप्पा, काय करताय?" आणि मी सांगायचो, "काही नाही." त्या "काही नाही"चा मला भयंकर अपमान वाटायचा.

दुकानाचं नाव ठेवलं "सत्यवचन ऑटो कन्सल्टंट". पाळकसाहेबांनी येऊन प्रार्थना केली, पेढा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि जाता जाता म्हणाले, "शांतवनराव, एखादी चांगली स्कूटर आली तर सांगा. वाड्या-वस्त्यांवर भेटी द्यायच्या असतात. मंडळीच्या सेवकाला काही कमी-जास्त करालच."

गाळ्याचा मालक गहिनीनाथ. त्याचं शेजारीच टायर-पंक्चरचं दुकान. भाडं तो महिन्यातून एकदाच घ्यायचा, सल्ला मात्र रोज द्यायचा. पाटी बघून तो म्हणाला, "भाऊसायब, ह्यो धंदा हाय का प्रवचन? सत्यवचन म्हन्ल्यावर गिऱ्हाईकाला वाटंल इथं किर्तन हाय."

"गहिनीनाथ, प्रामाणिकपणा हीच माझी जाहिरात."

"व्हय. पन मग भाडं आगाऊच द्या."

गाड्या नीट करायला रामहरी मिस्त्री होता. हा कलावंत माणूस. कुठलीही खटारा गाडी त्याच्याकडे द्यावी, पॉलिश मारून, सीट कव्हर घालून, इंजिनात असं काही जाड तेल ओतून द्यायचा की गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत तिचा आवाज गोड राहायचा. मी त्याला सांगितलं, "रामहरी, यातलं काही करायचं नाही. धूर येत असेल तर येऊ दे."

त्याने हातातला पॉलिशचा डबा खाली ठेवला. "मग मी करायचं काय?"

"खोट शोधायची आणि मला सांगायची."

"म्हंजी गाडी बिघडलेली हाय हे सांगायचा पगार?" त्याला ते फार लागलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

आता परवान्याचं. जुन्या गाड्या विकणाऱ्याला सरकारी परवाना लागतो, असं माझ्या वाचनात आलं. मी कचेरीत गेलो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "कशाला पाहिजे?"

"नियम आहे ना."

"नियम आहे हो. पण तुम्हाला कशाला पाहिजे?" त्यांनी आत जाऊन कोणाला तरी विचारलं, मग दुसऱ्याला विचारलं. ते दोघेही उठून मला बघायला खिडकीशी आले. "त्याचं असं आहे, आजवर कोणी मागायलाच आलं नाही. त्यामुळे तो द्यायचा कसा, हे वर विचारावं लागेल. तुम्ही अर्ज ठेवून जा. साहेब भेटले की फोन करू." प्रामाणिक माणसाची सरकारदरबारी इतकी पंचाईत होत असेल, अशी मला कल्पना नव्हती.

दुकान सुरू झालं. पहिलं गिऱ्हाईक राधाकृष्ण नावाचा, वांबोरीकडचा शेतकरी. त्याला एक मोटारसायकल आवडली. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. इंजिन एकदा खोललेलं आहे. पुढचा शॉकअप गळतो. थंडीत किक मारून मारून पाय दुखतो. मागच्या मालकाने ती ओढ्यात घातली होती.

राधाकृष्ण ऐकत होता. मग त्याने गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "आन् खरी खोट काय?"

"हीच खरी."

"न्हाई न्हाई. एवढं सोताहून सांगताय, म्हंजी आजून लई मोठं काय तरी पोटात हाय. चोरीची हाय का?"

तो गेला तो गेलाच. त्याच्यामागून जे जे आले, तेही असेच गेले. मी शॉकअपचं सांगितलं की त्यांना अपघाताचा संशय यायचा, आणि अपघाताचं सांगितलं की खुनाचा. गहिनीनाथ पंक्चर काढता काढता मान हलवायचा. "भाऊसायब, गिऱ्हाईकाला खोटं ऐकायची सवं हाय. एकदम खरं दिलं की त्याला पचत न्हाई. थोडं पानी घालून द्या."

पण प्रभू काही वाऱ्यावर सोडत नाही. त्याने गोजरबाईंना पाठवलं. या बाई बाजारात कांदा-बटाटा विकतात आणि त्यांच्याशी भाव करायला भले भले घाबरतात. त्यांना घरच्यासाठी गाडी हवी होती. मी तीच मोटारसायकल दाखवली आणि ओढ्यापर्यंतचं सगळं सांगितलं. गोजरबाईंनी कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"आगं बया!" त्या म्हणाल्या. "आमच्या थोरल्याची सोयरीक केली तवा येवढं खरं कुनी सांगितलं आसतं तर! द्या ही गाडी. निदान काय पदरात पडलं ते म्हाईत तरी हाय."

गाडी नेली ती नेली, वर त्यांनी भर बाजारात कांद्याच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला माझी गोष्ट सांगितली. त्या आठवड्यात माझ्या दुकानापुढे गर्दी झाली. लोक नुसते खोटी ऐकायला यायचे. "भाऊसाहेब, त्या लाल गाडीची सांगा ना." मी सांगायचो. हातवारे करून सांगायचो. खोट जितकी वाईट, तितका माझा आवाज खुलायचा, आणि गाडी तितकी पटकन जायची. संगमनेरहून एक माणूस खास ब्रेक नसलेली गाडी घ्यायला आला, का तर "तिथे सगळं चांगलं म्हणून देतात आणि घरी गेल्यावर कळतं." रामहरीसुद्धा आता रंगात आला होता. "भाऊसायब, आज एक लई भारी खोट सापडली," असं सांगताना त्याचे डोळे चमकायचे.

मला गर्व झाला. उघडच सांगतो, झाला. नम्रतेवर मी शब्बाथ शाळेत लहानपणी बक्षीस मिळवलेलं आहे, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. मोनिकाने फोनवर "पप्पा, काय करताय?" विचारलं, की मी म्हणायचो, "वेळ नाही, नंतर बोलू." आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटायचं.

मग देवश्री मॅडमची स्कूटर आली.

मॅडम विद्यापीठात शिकवायच्या. धुळ्याला बदली झाली म्हणून स्कूटर माझ्याकडे विकायला ठेवून गेल्या. क्वार्टर ते लायब्ररी आणि लायब्ररी ते क्वार्टर, एवढाच तिचा प्रवास. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. रामहरीने ती उभी करून, आडवी करून, कान लावून तपासली आणि घाम पुसत म्हणाला, "काय बी न्हाई."

"नीट बघ."

"आवो काय बी न्हाई! नवी कोरी हाय. आता काय करायचं?"

मी म्हणालो, करायचं काय त्यात? चांगली गाडी आहे, लगेच जाईल.

पहिल्या माणसाने विचारलं, "हिची खोट?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. "भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला, "तुम्हीसुद्धा?"

दुसरा हसला आणि बाकीच्यांना म्हणाला, "चला रे, हे पण बाकीच्यांसारखेच झाले." तिसऱ्याने बोट करून विचारलं, "हिचं लपवताय, मग त्या बाकीच्यांचं तरी खरं कशावरून?" झालं. त्या एका स्कूटरने माझ्या सगळ्या गाड्यांच्या खोटींवरचा लोकांचा विश्वास उडवला. राधाकृष्णसुद्धा खास वांबोरीहून येऊन बघून गेला आणि "मी पैल्याच दिशी वळखलं हुतं" म्हणाला. लोक येईनासे झाले. मी काउंटरवर बसून त्या स्कूटरकडे बघायचो. ती दारातच उभी, चकचकीत. जन्मात कधी कोणत्या यंत्राचा इतका राग आला नव्हता. घरी जेवण जाईना. लीना विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "गाडी चांगली आहे गं."

गहिनीनाथ म्हणाला, "सांगा की कायतरी! हारन वाजत न्हाई म्हना. कुनाचं काय जातंय?"

"हॉर्न वाजतो, गहिनीनाथ. आणि एक खोटं म्हणजे शटर खाली."

"मंग हारन काढून टाका!"

तो गमतीत बोलला. पण मी ते मनावर घेतलं. रात्रभर नाही, एवढा मी वाईट नाही. फक्त दुपारच्या जेवणापर्यंत. विचार असा केला, की खोटं बोलणं पाप आहे, तेव्हा ते आपण करायचं नाही. पण खोट जर खरोखरच असेल, तर ती सांगणं हे सत्यच झालं. यात मला त्या वेळी काही वावगं दिसलं नाही. गाडी माझी नव्हती, मॅडमची होती, हे तर डोक्यातच आलं नाही. सत्याची ओढच तशी असते.

गहिनीनाथ जेवायला गेला, रामहरी पेंगत होता. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, स्कूटरच्या भिंतीकडच्या, डाव्या बाजूला उकिडवा बसलो आणि "प्रभू, क्षमा कर" म्हणून एक बारीकसा ओरखडा ओढायला गेलो. पण हेडक्लार्कच्या हाताला पेनाची सवय. हात घसरला. ओरखडा पायाखालच्या पट्टीपासून जो निघाला तो मागच्या चाकापर्यंत गेला. आता तिला सांगण्याजोगी खोट होती, आणि मला रडू येत होतं.

तेवढ्यात कचेरीतून फोन आला. साहेब आलेत, लगेच या, पुन्हा केव्हा येतील सांगता येत नाही. मी लीनाला फोन करून बोलावून घेतलं, ती आली तशी किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि पळालो. ओरखड्याचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, रिक्षात बसल्यावर आठवलं आणि मी फोन केला नाही. ते धाडस माझ्यात नव्हतं.

कचेरीत साहेब निघून गेले होते. संध्याकाळी परत आलो, तर दारात स्कूटर नाही.

"विकली," लीना म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, काउंटर पुसत होती. काउंटर आधीच स्वच्छ होता.

"कोणाला?"

"पाळकसाहेबांना. थोडे कमी केले."

"आणि खोट विचारली त्यांनी?"

"विचारली."

"मग?"

"सांगितली ना!" ती एकदम खेकसली. मला वाटलं, तिने ओरखडा बघितला, तोच सांगितला. देवाने मला वाचवलं, असं म्हणून मी त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. लीना मात्र धड जेवली नाही. मॅडमचे पैसे मी पुरते पाठवून दिले. कमी केलेले माझ्या खिशातून घातले, आणि त्यावर मला उगीच उदार वाटत राहिलं.

पुढच्या आठवड्यात रामहरी हात पुसत आला. "भाऊसायब, तुमचे पाळकसायब आल्ते माझ्याकडं. म्हनले, ब्रेक करकरतो, लीनाबाईंनी सांगितलं, बघ. मी बघितलं. ब्रेक एकदम झ्याक! म्हन्लं, सायब, ह्यात कायच न्हाई. तर ते म्हनले, बरं बरं, कुनाला बोलू नकोस. आन् त्या गाडीला डाव्या अंगाला ह्यो येवढा ओरखडा कुठून आला? मी तपासली तवा न्हवता."

मी स्टुलावर बसलो. म्हणजे जी खोट गाडीत होती ती लीनाने सांगितली नव्हती, कारण तिला ती दिसलीच नव्हती. आणि जी सांगितली होती ती गाडीत नव्हती. लीना खोटं बोलली होती. माझ्या दुकानात. पाळकांशी.

मी घरी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. आम्ही दोघं एकमेकांना मीठ वाढत होतो, पाणी देत होतो, इतकं सौजन्य आमच्या घरात लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातही नव्हतं.

आणि कापणीचा सण आला. या दिवशी आमच्याकडे मंडळी शेतातलं, परसातलं जे काही पिकलं ते चर्चमध्ये आणते. वेदीपुढे कणसं, पेरू, कोंबडे, अंडी यांचा ढीग लागतो, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लीनाने परसातला तांबडा भोपळा आणला होता. लिलावाआधी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?"

बायकांच्या बाजूला लीना उभी राहिली. "आमच्या दुकानात मी खोटं बोलले," ती म्हणाली. "स्कूटरचा ब्रेक चांगला होता. मी बिघडलाय म्हणून सांगितलं." आणि बसली. दोन वाक्यांचं काम तिने तीन वाक्यांत केलं.

चर्चमध्ये कोंबड्याचा आवाज तेवढा येत होता. मग मी उभा राहिलो. मला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं, पण तिला एकटीला बसू देणं शक्य नव्हतं. "ओरखडा मी पाडला," मी म्हणालो. "गाडीत काहीच खोट नव्हती, म्हणून." आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेत खाली बसलो.

सगळ्या माना पाळकसाहेबांकडे वळल्या. ब्रेकच्या नावाने किंमत कमी करून घेतली होती त्यांनी, आणि ब्रेक झ्याक आहे हे त्यांना रामहरीकडून कळलं होतं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "आपण गीत गाऊ या," ते म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतः गायले.

लिलावात आमचा भोपळा निघाला, तेव्हा एकदम पाळकसाहेबच बोली बोलले. लीनाने स्कूटरचे जेवढे कमी केले होते, नेमके तेवढेच. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांचं मन हलकं झालं, चर्चच्या पेटीत भर पडली, आणि आमचं नुकसान जिथल्या तिथे राहिलं.

सोमवारी सकाळी लीना माझ्यासोबत दुकानावर आली आणि तिने शटर ओढून खाली केलं. कुलूप लावलं. बाहेर माणसं जमली होती. कालची बातमी गोजरबाईंपर्यंत पोचली होती, म्हणजे सगळ्या राहुरीत पोचली होती. "ब्रेक चांगला हाय, ह्ये कबूल करायला चर्चात उबी ऱ्हायली बया!" असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. जो तो गाडी घ्यायलाच आला होता. आणि दुकान बंद.

गहिनीनाथ पुढे झाला. "वहिनी, शटर खाली म्हनले हुते भाऊसायब. घ्या, झालं खाली. किती येळ, ते कुठं बोलले हुते?"

लीनाने त्याच्याकडे असं बघितलं, की तो पंक्चर काढायला निघून गेला.

आम्ही पायरीवर बसलो. मी विचारलं, "तू खोटं का बोललीस गं?"

तिने नजर रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरकडे वळवली. मग म्हणाली, "तीन आठवडे धड जेवत नव्हतात. त्या गाडीकडे बघत बसायचात. मला नाही बघवलं तुमचं तोंड. पुन्हा डबे लावायला घरी बसला असतात तुम्ही." तिने डोळे पुसले. "संध्याकाळपर्यंत बंद. उद्या उघडा. पण आता खोट मी सांगणार, तुम्ही नाही."

तेव्हापासून खोट लीनाच सांगते. धंदा बरा चाललाय. परवान्याचं अजून वर विचारत आहेत. मी रविवारी न चुकता चर्चला जातो, पोटभर खाऊन जातो, पण साक्षीला उभा राहत नाही. उभा राहिलो तर सगळं खरं सांगावं लागेल. आणि इतक्या वर्षांत एकदाही खोटं न बोललेली माझी बायको माझ्यासाठी बोलली, याचा मला अजून पश्चात्ताप होत नाही, आनंदच होतो, हे मी मंडळीसमोर कोणत्या तोंडाने सांगू?